मयताचा फोटो कुणाचा?

रात्रपाळी (धागाकर्ता)

३ मार्च २०२५ च्या रात्री मी डेस्कवर होतो. मराठवाड्यातल्या एका दैनिकात बावीस वर्षं उपसंपादकी केली, त्यातली बरीचशी रात्रपाळीतच गेली. त्या संध्याकाळी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येच्या दोषारोपपत्रातले फोटो बाहेर आले. आधी वार्ताहरांच्या ग्रुपवर, अर्ध्या तासात बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर, आणि नऊ वाजेपर्यंत मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. मारहाण चालू असताना ती करणाऱ्यांनीच मोबाइलवर काढलेले हे फोटो, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. म्हणजे मुळात ते काढलेच होते त्या माणसाची विटंबना करायला.

पहिलं पान सोडायला दीड तास होता. दोघांचं म्हणणं, छापायचेच, लोकांना कळू दे काय केलंय ते. एकाचं म्हणणं, धूसर करून छापू. संपादकांनी एकच विचारलं, "घरच्यांना कुणी विचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही छापले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिल्हा बंद, आणि धनंजय मुंडे यांचा मंत्रिपदाचा राजीनामा. ते स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत, मुख्य आरोपी म्हणून धरलेला माणूस त्यांचा निकटवर्ती. ९ डिसेंबरला हत्या झाली, तेव्हापासून मोर्चे निघत होते, राजीनामा मागितला जात होता. तो आला फोटो फिरल्याच्या दुसऱ्या दिवशी. फोटोंमुळेच आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यांचा काहीच वाटा नव्हता, असंही माझ्याच्याने म्हणवत नाही.

मी तेव्हापासून या प्रश्नाशी झुंजतोय. घटनास्थळाचे, मृतदेहाचे फोटो सरकारी कागदाचा भाग असतात. सरकारी कागद लोकांचा. पण फोटोतला माणूस? तो कुणाच्या तरी घरचा. त्या रात्री आम्ही योग्य केलं की लोकांपासून काही लपवलं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. इथे वकील आहेत, माहिती अधिकारात काम करणारे आहेत, परदेशात राहणारे आहेत. मनापासून लिहा. एकच विनंती, कुणीही कुठलाही फोटो किंवा त्याची लिंक इथे टाकू नका.

---

काळा कोट

कायदा कुठे उभा आहे ते आधी सांगतो.

दोषारोपपत्र हा सर्वांसाठी खुला कागद नाही. पोलिसांनी सगळी दोषारोपपत्रं संकेतस्थळावर टाकावीत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती, ती २० जानेवारी २०२३ ला फेटाळली गेली. प्रथम खबर (एफआयआर) मात्र संवेदनशील प्रकरणं सोडून टाकावीच लागते, तो आदेश २०१६ चा. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत फिर्यादी पक्षाच्या पीडितालाही मिळते, त्यांचा वकील असेल तर. त्यामुळे मस्साजोगचे फोटो ज्या वाटेने आपल्या हातात आले, ती कायद्याने आखलेली वाट नव्हती.

माहिती अधिकारात अर्ज केला तर ठरलेली दोन उत्तरं येतात. कलम ८(१)(ज), तपासाला अडथळा. नाहीतर ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती. पहिल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय की तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागेल. दुसऱ्या कलमात पूर्वी तोलून पाहायला जागा होती: सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणावर अवाजवी आक्रमण होतंय का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याने तो सगळा मजकूर उडवला आणि 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द ठेवले. कलम ८(२) मधला व्यापक जनहिताचा अपवाद शाबूत आहे, पण तो आता अधिकाऱ्याच्या मर्जीवर जास्त अवलंबून राहील, अशी मला धास्ती वाटते.

आणि एक निकाल लक्षात ठेवा. केरळमधल्या अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आरोपीने त्या अत्याचाराचं चित्रण असलेल्या मेमरी कार्डाची प्रत मागितली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, कार्डातलं चित्रण हा दस्तऐवज आहे, बचावासाठी तो आरोपीला पाहायला मिळालाच पाहिजे. वकील आणि तज्ज्ञ घेऊन यावं, पाहावं. प्रत मात्र मिळणार नाही. पाहणं वेगळं आणि प्रत नेणं वेगळं, हे या निकालाने स्पष्ट केलं. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

---

ओवी

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझा भाऊ सोलापूर रस्त्यावर अपघातात गेला. पोलिसांचा फोन यायच्या चाळीस मिनिटं आधी माझ्या आतेबहिणीला कुणाच्या तरी स्टेटसवर फोटो दिसला. चेहरा ओळखू येत नव्हता. शर्ट ओळखू आला. तो मी घेतला होता, दिवाळीत. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, "दादाने आज कुठला शर्ट घातलाय?"

आईपर्यंत तो फोटो पोचू नये म्हणून आम्ही तिचा मोबाइल काढून घेतला. ती महिनाभर म्हणत राहिली, फोन द्या, त्यात त्याचे आवाज आहेत. बाराव्याला गावाकडच्या एका मुलाने तिच्यासमोर फोन धरलाच, "काकू, हाच का?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांचा असेल.

फोटो अगदी जवळून काढलेला होता. अंगावर चादर टाकण्याआधीचा. आम्ही तक्रार द्यायला गेलो तर विचारलं, कुणी काढला ते सांगा. ते आम्हाला कसं माहीत असणार?

काळा कोट दादा, तुम्ही अर्ज आणि कलमं लिहिलीत. माझ्या भावाच्या फोटोसाठी कुणी अर्ज केला नव्हता.

---

फ्लॅशगन

ओवी, बाळा, वाचून हात थांबला. माझं वय एकाहत्तर. तालुक्याच्या गावात स्टुडिओ होता. त्या काळी पोलिसांकडे स्वतःचा फोटोग्राफर नसायचा, हवालदार सायकलवरून बोलवायला यायचा. लग्नाची ऑर्डर सोडून विहिरीवर, रुळांवर, शेतातल्या गोठ्यात गेलोय. एकतीस वर्षं केलं.

तेव्हा शिस्त होती, असं म्हणणार नाही. पण फिल्म छत्तीसची होती, त्यामुळे हात आखडून फोटो निघत. आधी लांबून सगळी जागा, मग चारही दिशांनी, मग जवळून, जखमेशेजारी पट्टी ठेवून. पंचनाम्यात जे लिहिलंय तेच फोटोत दिसायला हवं. पुढे कोर्टात समन्स यायचं, निगेटिव्ह घेऊन उभं राहायचं, "हे फोटो मीच काढले" म्हणून साक्ष द्यायची. एका फोटोमागे एक माणूस जबाबदार होता. त्याचं नाव, पत्ता, सही कागदावर होती.

आता जुलै २०२४ पासून नवा कायदा आला. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने जागेवर जायचं, चित्रीकरण करायचं. झडतीचंही चित्रीकरण. हे चांगलंच आहे, खोटे पंचनामे यामुळे कमी होतील. पण चित्रीकरण आधीपेक्षा कितीतरी पटींनी वाढणार आणि जागेवरच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. सरकारी कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून खासगी फोनवर काढलेल्या फोटोची नोंद कुठेच होत नाही. ओवीच्या भावाचा फोटो तसलाच असावा, किंवा बघ्यांपैकी कुणाचा.

काळा कोट साहेबांनी लिहिलेल्या केरळच्या खटल्यातलं पुढचंही सांगायला हवं. ते कार्ड न्यायालयाच्या ताब्यात असताना त्याची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या मजकुराचा डिजिटल ठसा, बदललेली आढळली. म्हणजे आरोपीला प्रत नाकारली, आणि तिजोरीतलं कार्ड मात्र कुणीतरी उघडलं. म्हणून मला विचाराल तर फाइल कुणी, कधी उघडली याची आपोआप होणारी नोंद सगळ्यात आधी हवी.

---

हार्टफर्डकर

मी कनेक्टिकटमध्ये चौदा वर्षं राहतेय. न्यूटाउन आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हुक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. गेलेली मुलंही त्याच वयाची.

काही महिन्यांनी इथे चर्चा सुरू झाली की वर्गातले फोटो जगासमोर आले तर बंदुकांविषयी लोकांचं मत पालटेल. पालक हादरले. त्यांनी राज्याच्या विधिमंडळात धाव घेतली. ५ जून २०१३ च्या पहाटे कायदा झाला: हत्येतल्या मृतांचे फोटो आणि चित्रण उघड केल्याने त्यांच्या किंवा कुटुंबाच्या खासगीपणावर अवाजवी आक्रमण होणार असेल, तर ते देणं बंधनकारक नाही. पत्रकारांनी कडाडून विरोध केला, कारण सार्वजनिक सुनावणी झालीच नव्हती. मी तेव्हा पूर्ण पालकांच्या बाजूने होते. आजही आहे. पण सुनावणी व्हायला हवी होती, हेही मला पटतं.

नंतर एक समिती बसली. तिने जानेवारी २०१४ च्या अहवालात सुचवलेलं रात्रपाळी यांनी जरूर पाहावं: ज्याला पाहायचंय त्याने कार्यालयात येऊन देखरेखीखाली पाहावं, प्रत हवी असेल तर ती का द्यावी हे मागणाऱ्याने पटवून द्यावं. काळा कोट म्हणतात तेच.

त्याच प्रकरणात आपत्कालीन फोनच्या ध्वनिफिती मात्र न्यायालयाने खुल्या करायला लावल्या, डिसेंबर २०१३ मध्ये. पोलीस किती वेळात पोचले, फोन घेणाऱ्यांनी काय सांगितलं, हे लोकांना कळायला हवं होतं. मी त्या ऐकल्या नाहीत. पण त्या खुल्या झाल्या हे बरोबर झालं असं वाटतं, कारण त्यात यंत्रणेचं काम तपासता येत होतं.

फ्लोरिडातलं उदाहरण याहून जुनं. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा मोठा मोटार शर्यतपटू गेला. तिथे शवविच्छेदनाचे फोटो मागेल त्याला मिळायचे. पत्नी न्यायालयात गेली. एका वर्तमानपत्राचं म्हणणं होतं, आम्हाला छापायचे नाहीत, सीटचा पट्टा तुटल्याने गेला की मान झटकल्याने, एवढं तज्ज्ञाकडून तपासायचंय. शेवटी तडजोड झाली. एका स्वतंत्र डॉक्टरने फोटो पाहिले, प्रत घेतली नाही, अहवाल दिला की तुटलेला पट्टा हे कारण नव्हतं, डोकं जोरात झटकलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोकं-मान धरून ठेवणारं साधन त्या शर्यतींत सक्तीचं झालं. फोटो कुठेही छापला न जाता हे सगळं घडलं.

ओवी, तुझ्यासाठी. कॅलिफोर्नियात २००६ मध्ये एक अठरा वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. तिचे फोटो महामार्ग पोलीस दलातल्याच माणसांनी बाहेर पाठवले. आईवडील वर्षानुवर्षं लढले, २०१२ मध्ये सुमारे २३ लाख ७० हजार डॉलरची भरपाई मिळाली. मग २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याच्या हेलिकॉप्टर अपघातानंतर पुन्हा तेच झालं. त्यानंतर तिथे कायदा झाला: मदतीला गेलेल्या सरकारी माणसाने कामाव्यतिरिक्त मृताचा फोटो काढणं हाच गुन्हा. काढणं, पाठवणं नव्हे. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो.

---

वैनगंगा

सगळं वाचलं. ओवीताईंच्या दुःखापुढे हात जोडतो. तरीही वेगळं म्हणायचंय, आणि ते म्हणणं माझं कर्तव्य आहे.

मी भंडारा जिल्ह्यातला. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली. सुरुवातीला बाहेर ती बातमी म्हणून धड पोचलीच नाही. जातीचा उल्लेख नाही, अनैतिक संबंधांची कुजबुज मात्र होती. मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले, तेव्हा वस्त्यावस्त्यांतून माणसं रस्त्यावर आली. मी तेव्हा कॉलेजात होतो. झेरॉक्स केलेला काळपट कागद हातात आला होता, त्यावरचं सगळं नीट दिसतही नव्हतं. त्या रात्री मी जेवलो नाही.

१९५५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारलं. त्याच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली, हजारो लोकांनी पाहिलं, जेट साप्ताहिकाने फोटो छापला. मारेकरी न्यायालयातून सुटले, पण नागरी हक्कांची चळवळ त्या फोटोने पेटली.

खासगीपणाच्या नावाखाली फोटो बंद केले की सगळ्यात आधी कुणाचे बंद होतील? ज्यांच्या मरणाची पंचनाम्यातही नीट नोंद होत नाही, त्यांचे.

---

ओवी

वैनगंगा दादा, त्या आईने स्वतः सांगितलं, उघडी ठेवा. माझ्या आईला कुणी विचारलं नाही. खैरलांजीत मागे उरलेल्या वडिलांना कुणी विचारलं होतं का?

---

वैनगंगा

नाही, ताई. माझ्या माहितीत तरी नाही. आणि त्यात स्त्रिया होत्या, हेही तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. आज तो कागद मी पुढे दिला नसता.

---

कलम सहा

सांगली जिल्ह्यात माहिती अधिकाराचं काम करतो. कोठडीत गेलेल्या एका तरुणाच्या भावाने माझ्याकडे धाव घेतली. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'अंगावर ताजी जखम दिसून येत नाही'. अर्ज केला. एका ओळीत नकार, ८(१)(ज). प्रथम अपील केलं. अपिलात मी मागणी बदलली. प्रती नकोत, अभिलेखाची पाहणी द्या. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये 'माहितीचा अधिकार' म्हणजे पाहणी करणंही आहे, हे बरेच अर्जदार विसरतात. आणि कलम १० प्रमाणे देता येण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावाच लागतो.

पाहणी मिळाली. मी आणि भाऊ एका टेबलाशी बसलो, समोर कारकून. मोबाइल बाहेर जमा. फोटोंमध्ये तळपायांवर वळ होते, सरळ दिसत होते. भाऊ रडला नाही. त्याने फोटोचा क्रमांक लिहून घेतला. पुढची लढाई त्या क्रमांकावर उभी राहिली, आणि तो फोटो आजतागायत कुठल्याही ग्रुपवर गेलेला नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ पासून कोठडी मृत्यूच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला सांगितलंय. ते कशासाठी, तर कुणीतरी नंतर पाहावं म्हणून. पाहण्याची सोयच नसेल तर चित्रीकरणाला अर्थ काय? म्हणून वैनगंगा यांची भीती मला खरी वाटते, आणि २०२३ च्या बदलाने ती वाढली आहे.

---

काळा कोट

'घरच्यांना विचारा' यात एक मोठी अडचण आहे, ती मांडतो. हुंड्यापायी जाळलेल्या मुलीच्या बाबतीत जवळचा नातेवाईक कोण? नवरा. 'ऑनर किलिंग' म्हणतात त्यात? बाप, भाऊ. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच हाती खासगीपणाची किल्ली देऊन चालणार नाही. बलात्काराच्या प्रकरणांत तर डिसेंबर २०१८ च्या निकालानुसार पीडिता मृत असली तरी नातेवाइकांच्या संमतीनेही ओळख उघड करता येत नाही, सत्र न्यायाधीशाकडे जावं लागतं. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर मुलीचे फोटो समाजमाध्यमांवरून काढायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये व्हाइट हाउसमधल्या एका वकिलाच्या मृत्यूच्या फोटोंबाबत कुटुंबाचा हक्क मान्य केला, पण सरकारी गैरकृत्याचा आरोप करणाऱ्याने आधी काही पुरावा दाखवावा अशी अट घातली. आपल्याकडे ही अट आली तर सांगलीच्या त्या भावाचं काय झालं असतं? त्याचा पुरावा त्या फोटोतच होता.

---

रात्रपाळी

माझं म्हणणं आता जरा स्पष्ट झालंय. पाहणी खुली हवी, विशेषतः जिथे पोलीस, तुरुंग, सरकार यांच्या कामाचाच प्रश्न आहे तिथे. प्रतीसाठी न्यायाधीशासमोर जावं लागावं, आणि तिथे घरच्यांचं ऐकलं जावं. घरच्यांपैकीच कुणी आरोपी असेल तर दुसऱ्या कुणाचं. आणि जागेवरचा खासगी मोबाइल बंद. १४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत गेला, त्याच दिवशी महाराष्ट्र सायबरला फोटो फिरवू नका म्हणून ताकीद द्यावी लागली होती. ते फोटोही कुणी अर्ज करून मिळवलेले नव्हते.

त्या रात्रीबद्दल: आम्ही छापले नाहीत ते बरोबर होतं असं आज वाटतं. पण फोटोंमध्ये काय दिसतंय ते नुसत्या शब्दांत, एकही विशेषण न लावता लिहायला हवं होतं. आम्ही 'अमानुष', 'काळीज पिळवटणारं' असले शब्द लावले आणि तपशील गाळला. ती चूक माझी. मथळा मीच दिला होता.

---

फ्लॅशगन

एक विचारायचं होतं, म्हणून पुन्हा आलो. स्टुडिओ बंद केला तेव्हा पोलिसांनी कधीच न नेलेल्या निगेटिव्ह माझ्याकडे राहिल्या. तीन पत्र्याचे डबे, माळ्यावर. मुलगा म्हणतो जाळून टाका. काय करू?

---

ओवी

काका, जाळा. कुणाच्या तरी आईचा फोन वाचेल.

---

कलम सहा

कृपा करून जाळू नका. एखादं अपील पडून असेल. कुणी निर्दोष आत असेल.

---

काळा कोट

ठाण्यात यादीसह जमा करा, दोन प्रतींत, पोच घ्या. घेत नसतील तर जिल्हा अधीक्षकांना लेखी कळवा. डबे उघडून यादी करताना घरात मुलं नसतील एवढं पाहा.

---

फ्लॅशगन

यादी करायला बसलो. पहिल्या डब्यात १९८९ ची एक पट्टी सापडली. विहिरीत पडलेला मुलगा, वीसेक वर्षांचा. महिन्याने त्याची आई स्टुडिओत आली होती, चार कोस चालत. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. कुणीतरी तिला सांगितलं होतं की माझ्याकडे आहे.

मी निगेटिव्हमधला फक्त चेहरा मोठा केला. ब्रशने डोळे उघडे केले, केस कोरडे केले, मागे साधा पांढरा पडदा आणला. दोन दिवस लागले. कोर्टाला विचारलं नाही, ठाण्याला विचारलं नाही. ती पैसे देत होती, घेतले नाहीत. पदरात गुंडाळून घेऊन गेली.

ही पट्टी यादीत लिहिली आहे. उद्या ठाण्यात जातो.